पाराकूत, पहाटे, गाडी चालू होत नाही

सतरा किका मारल्या.
अठराव्याला चप्पल उडाली, शेळीला लागली,
आणि आतून बाबा म्हणाले,
"बाके, चोक ओढून गुदमरवू नकोस तिला. आलो."

भिंतीला तळवा घासत आले,
अंगात तोच नंबरवाला सदरा.
एकवीस वर्षं लोक त्या नंबरालाच हाका मारायचे,
मागच्या सीटवर माणसं, डुकरं, एकदा एक फ्रीजसुद्धा.
आता दोन्ही डोळ्यांत ताक सांडलंय.
डॉक्टर म्हणतो, काढता येईल, पैसे साठले की.
पैसे साठायला चीज अर्झेकेच्या बाजारात पोचायला हवं,
चीज पोचायला ही हवी.
आई टोपली घेऊन उभी, ज्वारीच्या ताटांनी रंगवलेले
लाल गोल गड्डे, त्यावर ओलं फडकं,
फडक्यावर आत्ताच धूळ.

हारमाटन सुटलाय. वाळवंट दारात येऊन बसलंय पाहुण्यासारखं,
जेवायला वाढलं तरी उठत नाही.

"प्लग काढ."
काढला. त्यांनी नाकाशी धरला,
आई खरबुजाचा देठ धरते तसा.
"काळा?"
काळा.
"ओला?"
कोरडा.
"सतरा किका आणि कोरडा? मी मोजत होतो.
घास घशाखाली उतरतच नाहीये तिच्या.
पण आधी करंट बघू."

करंट बघायचा म्हणजे प्लग इंजिनाला टेकवायचा,
अंधारात किक मारायची, ठिणगी निळी का तांबडी ते सांगायचं.
मी दिवा विझवला. वाकले.
त्यांनी माझा हात बाजूला केला,
प्लगच्या टोकावर स्वतःचं बोट ठेवलं.
"मार."
बाबा, नको.
"मार म्हणतो ना."

मारली.
खांद्यापर्यंत उडाला हात. शेळी ओरडली, आई ओरडली,
बाबा हसत होते, बोट तोंडात घालून:
"निळी आहे."

मग कार्बोरेटर. मांडीवर परात,
एकेक स्क्रू परातीत टाकत गेले, टण्, टण्.
वाटीच्या तळाशी लाल गाळ,
मेंदी भिजवल्यासारखा.
कोपऱ्यावरच्या आडीझाचं बाटलीतलं पेट्रोल.
मी म्हणाले, आज तिला चांगली झापते.
"नको. मागच्या महिन्याची उधारी आहे."

फिल्टरचा स्पंज पिळला तर
अर्धं नायजर बाहेर पडलं.

जेट एवढंसं, पितळेचं, नाकातल्या चमकीएवढं.
जुन्या ब्रेकच्या वायरीतून एक तार सोडवली, केसासारखी,
फिरव म्हणाले, घासू नकोस, भोक मोठं झालं तर
आयुष्यभर दुप्पट पिईल.
फिरवली. त्यांनी जेट डोळ्यापाशी नेलं.
मला वाटलं, विसरले.
पण त्यांनी डोळा मिटला,
पापणीवर धरून म्हणाले, "फुंक इकडून."
मी फुंकले.
वारा त्यांच्या पापणीला लागला असावा, बारीक सुईसारखा,
कारण ते बराच वेळ तसेच बसून राहिले
आणि मीही उगाचच फुंकत राहिले.

पुन्हा जोडताना हात माझे होते.
तिसऱ्या किकला खोकली, पाचव्याला धरलं.
त्यांनी सीटवर कान ठेवला,
बोटांनी स्क्रू शोधला, पाव वळसा, अजून थोडा,
"थांब. इथे. आता झोपेत श्वास घेतेय तशी घेऊ दे."
"काही उरलं नाही ना?"
नाही, म्हणाले मी.

परातीत एक वायसर होता.
तो खिशात टाकला.
दिवसभर खड्ड्याखड्ड्याला आठवत राहिला,
प्रत्येक गिऱ्हाइकाला सुटे पैसे देताना बोटाला लागला.
चीज संपलं. गाडी एकदाही अडली नाही.
संध्याकाळी फाटकात शिरले, स्टँड लावला,
बाबा शेळीचं कान खाजवत बसलेले,
मान वर न करता त्यांनी हात पुढे केला.

"सकाळी नऊ वेळा वाजली होती परात.
उचलताना आठच वेळा.
आण इकडे."