रिफ्रेश

रात्रीचे पावणेदोन. बाणेर.
खासनीसबाईंचा तिसरा मेसेज:
"रिपोर्ट दिसत होता हो. रिफ्रेश केलं,
तर म्हणतंय सापडत नाही. चारशे चार."

लॅबच्या पहिल्या पानावरून आत शिरलं
की सगळं उघडतं: पेशंट, तारीख, आकडे.
तिथेच रिफ्रेश दाबा,
सर्व्हर कोरडा विचारतो, कोण रिपोर्ट?
या नावाची फाइल आमच्याकडे नाही.

त्याचं काय चुकलं?
पत्ता आम्हीच रंगवला होता ब्राउझरच्या कपाळावर,
खाली जमीन नसताना.

आमच्या गेटवरचा लिंबाजी असाच.
वहीत नाव नाही, तर आत नाही,
मग तुम्ही चौथ्या मजल्यावर दहा वर्षं का राहत असेना.

मी एक ओळ लिहिली:
कुणी काहीही मागो,
इंडेक्सचं पान हाती दे, पुढचं आतले बघतील.

अडीच. पान पांढरंफटक.
कन्सोलमध्ये लाल अक्षरांत: अनपेक्षित चिन्ह <
हुकूम तंतोतंत पाळला होता त्यानं,
स्क्रिप्ट मागितली, तिलाही तेच पान दिलं.
खरी फाइल असेल तर ती आधी दे,
हे सांगायचं माझंच राहिलं.

सांगितलं.

सव्वातीनला बाईंनी दिलेली लिंक उघडली,
सात वेळा रिफ्रेश केली.
वर नाव: खासनीस, यशवंत मोरेश्वर.
क्रिएटिनिन सहा पूर्णांक दोन.
सातही वेळा तेवढंच.

बाई पान का ताजं करत होत्या
ते तेव्हा कळलं.
"झालं," एवढंच टाइप केलं,
आणि बराच वेळ पाठवलं नाही.