पाटीवर काय लिहू

श्रावण पेंटर विचारतो, पाटीवर काय लिहू जी?
अक्षराला चाळीस रुपये, काना-मात्रा फुकट.
याच श्रावणानं तीन निवडणुकांत माझं नाव रंगवलं
राइस मिलच्या भिंतीवर, नाल्याच्या पुलावर
आणि एकदा, चुकून, विरोधकाच्या न्हाणीघरावर.
पैसे पक्षानं दिले होते. म्हणजे अर्धे.

संवाद सल्लागार, मी म्हणते.
तो बोटांवर मोजतो. सात.
जोडाक्षराचं दीड धरतो, तीनशे झाले.
मग ब्रश डब्यावर निथळत ठेवून,
"पण इथं विकणार काय तुमी?"

सिंदेवाहीचं बस स्टँड, त्यामागचा गाळा.
डावीकडे झेरॉक्स, उजवीकडे पंपसेट दुरुस्ती.
टेबल जुन्या प्रचार कार्यालयातलं,
खणात अजून बिल्ले, आणि न वाटलेल्या पत्रकांचा गठ्ठा.
मागची बाजू कोरी आहे, हिशेबाला चालते.
पुढच्या बाजूला मी, हात जोडून.

दारूबंदीच्या मोर्च्यात बसलेला आवाज
कधी पुरता उठलाच नाही.
लोक म्हणाले, ताईच्या बोलण्याला वजन आलं.
त्या वजनावर बावीस वर्षं निघाली.
उपरोक्त विषयान्वये, महोदय,
झोपेतसुद्धा मी निवेदनंच दिली.
शेवटी तिकीट गेलं मिलवाल्याच्या सुनेला.
मुलगी चांगली आहे.
तिचं पहिलं भाषण मीच लिहून दिलं.
पैसे मागायचे असतात हे तेव्हा सुचलं नाही.

बँकेतल्या पोरानं फॉर्मवर आपणहून लिहिलं, समाजसेवा.
खोड ते, म्हटलं.
खोडताना त्याचा हात जरा अडखळला,
माझाही अडखळला असता.

पहिलं गिऱ्हाईक तेराव्या दिवशी.
बिसन डुंभरे, मच्छीमार संस्थेचा सचिव,
पायाला तलावाचा वाळलेला चिखल.
"ताई, भाषण नको. मोर्चा तं नाईच नाई.
सायेबानं तीन मिनिटं देल्ली.
तीन मिनिटांत तलाव कसा सांगू?"

मी सवयीनं कागद ओढला.
मुद्दा एक, मुद्दा दोन, कलम, परिपत्रक.
त्यानं वाचून दाखवलं,
आणि ऐकताना मला माझाच आवाज आला,
घोगरा, वजनदार, त्याच्या तोंडातून.
कागद फाडला.
म्हटलं, मले सांग, सायबाले नको.
जाळ्यात आधी काय यायचं?

तो खुर्चीतून पुढे सरकला.
बोटरी. दाडक. मरळ. शिंगूर.
प्रत्येक नावाला एक बोट उघडत गेला,
मग बेशरमी कुठून पसरली, गवत कोणतं मेलं,
आणि बोटं एकेक करून मिटली.
घड्याळात दोन मिनिटं चाळीस सेकंद.
बाकीचे वीस? त्यानं विचारलं.
बसून राहायचं, मी म्हटलं. उठायचं नाही.

एवढंच शिकवलं. एवढंच बहुतेक विकते मी.

चंद्रपूरच्या त्या कचेरीत
बावीस वर्षांत पहिल्यांदा मी दाराबाहेर राहिले.
शिपायानं ओळखलं, आत या ना म्हणाला.
नको.
बाकावर बसले, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून,
कारण दार बंद झालं की उजवा हात
आपोआप वर जातो, मूठ वळते.
आतून पंख्याची घरघर तेवढी येत होती.
तीन मिनिटं झाली.
सात झाली.
घोषणा घशाशी येऊन परत गेली, पाणी प्याले.
अकराव्या मिनिटाला आतून कुणीतरी हसलं.
साहेब की बिसन, कळलं नाही.

श्रावणाचा फोन:
पाटी वाळली, पण खाली बोटभर जागा उरली,
फोन नंबर टाकू का, का हात जोडलेला फोटो?
नंबर, मी म्हटलं.
आकड्याचे किती घेतोस?