पट्टीखालचं पाणी

हिप्परग्याच्या तलावावर मे महिन्यात
दुपारी एकच्या पुढं कुणी येत नाही.
भोयांच्या होड्या बाभळीखाली पालथ्या,
होड्यांच्या सावलीत कुत्री.
मी येतो, कारण पगार त्याचाच आहे :
पाणी किती ते पट्टीवर वाचायचं, वहीत लिहायचं.

पण पट्टी आता कोरड्यात उभी.
शेवटचा आकडा संपून अकरा दिवस झाले,
पाणी तिच्या पायाखालून न सांगता सरकलं
आणि मी रोज लिहितो : निरंक.

"निरंक कसं बे?" नरसय्या म्हणाला.
"ते काय, समोर पडलंय की."

नरसय्या कोंडबत्तुल. अडतीस वर्षं जेकार्डवर,
डावा कान मागाजवळच ठेवून घरी आलेला.
त्यानं डांबराची चार पिंपं बांधून
वर एक जुना दरवाजा टाकला, कडी-कोयंड्यासकट.
मधे बांबू. बांबूला चादर.
लाल-पांढऱ्या मोरांची, काठावर कारखान्याचं नाव विणलेलं.
मागून बघितलं की नाव उलटं दिसतं.
सुलटं तरी आता कुठं दिसतंय,
तिथं मंगल कार्यालय झालंय.

"ह्या उन्हात?"
"वारा ह्याच टायमाला सुटतोय.
सकाळी सुटला असता तर मी सकाळी आलो नसतो का?"

बसलो आणि लगेच उठलो,
कडीनं मांडीवर आपला शिक्का मारला होता.
पाण्यावर जरा गार असेल
हा माझा समज काठापासून वीस हातांत संपला.
ऊन वरून येतं तसंच खालून येतं.
दोन तव्यांच्या मधे माणूस.
पिशवीतली भाकरी तेवढी निवांत,
ती घरूनच कडक होऊन आली होती.

अर्ध्यात वारा पडला.
मोर लोंबले.
लांब हायवेवरचे ट्रक वितळत वितळत चाललेले,
आवाज नाही.
नरसय्यानं तळवा दरवाजावर टेकवला,
धोटा अडकला की टेकवायचा तसा,
आणि म्हणाला, "थांबलंय."

मग त्यानं डबा बुडवला
आणि चादरीवर पाणी मारायला लागला, वरून खाली,
एकही मोर न सोडता.
"सूत भिजलं की फुगतंय. फुगलं की भोकं बुजतात.
आता फुंकर घातली तरी धरून ठेवल बघ."

खरंच, कुठून तरी फुंकर आली.
ओल्या चादरीतून गाळलेली एक झुळूक
माझ्या मानेवरून गेली
आणि मी, सरकारी नोकर, डोळे मिटून बसलो.
पिंपांखाली पाणी बोलायला लागलं.

मधोमध त्यानं काठी खाली सोडली.
वरचं पाणी चहाइतकं, त्याखालचं कोमट,
आणि अगदी तळाशी, काठी धरलेला हात बगलेपर्यंत बुडवला तेव्हा
बोटांच्या टोकांना काहीतरी वेगळं लागलं असावं,
कारण तो हळूच "नीळ्ळु" म्हणाला,
घरच्या भाषेत, जणू कुणाला हाक मारली.

मी वही काढली. घामानं आधीच भिजलेली.
लिहिलं : पाणी, नरसय्याच्या छातीइतकं.
त्यापुढच्या रकान्यात, शेरा : आहे.

परत यायचं मात्र जमलं नाही.
पिंपांची होडी, जिकडं वारा तिकडं ती.
पलीकडच्या काठाला चिखलात लागली, तशीच सोडली.
चादर सोडून दोघांनी डोक्यावर घेतली,
एक टोक त्याच्याकडं, एक माझ्याकडं,
आणि तलावाला वळसा घालून निघालो
शीडाच्या सावलीत, भेगांवरून पाय टाकत.
शंभर पावलांत ती खडखडीत वाळली.

"साहेबानं विचारलं तर काय सांगशील?"

मी सांगितलं त्याला.
पण मी त्याच्या डाव्या बाजूला होतो.