गिलकी

इद्रिस मिस्त्रीने आज पुन्हा पिशवीभर गिलकी पाठवली.
म्हणाला, घ्या ताई, तुमच्याच गाडीची आहेत.

वैशाखात टोचन करून आणलेली गाडी
त्याने गॅरेजच्या मागच्या कुंपणाला लावली,
तोंड चेपलेलं, एक दिवा वायरीला लोंबता.
आषाढात त्याच्या बायकोने शेजारी बी टोचलं.
वेलाला मांडव लागतो, तो तयारच होता.
आता बॉनेटवरून टपावर, टपावरून पलीकडे,
आणि वायपरच्या काडीला धरून
सकाळी पिवळी फुलं उघडतात.
गाडी इथं रुजली, म्हणतो इद्रिस. जागेचं भाडं मागत नाही,
म्हणून मीच ओशाळते.

फॉर्मात रकाना होता : समोरच्या वाहनाचा क्रमांक.
समोर रोही होता.
धरणगावचं लग्न उरकून येताना, रात्री साडेअकराला,
मोकळ्या रानातून एका झेपेत आला,
धडकला, उभा राहिला, आमच्याकडे बघितलं
आणि लंगडत निघून गेला,
पंचनाम्याला थांबला नाही.
सर्वेअर ढाके म्हणाले, जनावराचा एखादा फोटो असता तर.
साहेब, मी म्हटलं, त्या वेळी मी
स्टिअरिंगवरून पोरीचे हात
एकेक बोट करून सोडवत होते.
त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

मग मागितला चालकाच्या हस्ताक्षरात वृत्तांत.
हर्षालीने चार पानं लिहिली.
त्यात मेंदीचा वास होता, मागच्या सीटवर झोपलेली मावशी होती,
रोह्याचे डोळे होते, हिरवे, काचेइतके जवळ.
ती पानं जळगावच्या ऑफिसात गहाळ झाली.
दुसऱ्यांदा दीड पान. मेंदी गेली, मावशी गेली.
तिसऱ्यांदा सहा ओळी. डोळे गेले.
चौथ्यांदा : जनावर आडवे आले. मी ब्रेक दाबला.
कंपनीचं पत्र आलं :
जबाबांमध्ये तफावत आढळते.

मी कुणाशी भांडू?
एकोणीस वर्षं एरंडोल तहसीलला
आवक-जावकच्या टेबलावर बसते.
"फाईल वर गेलीय" हे वाक्य
किती जणांच्या हातात ठेवलं असेल,
देवळात तीर्थ देतात तसं, न बघता.
तेच आता टोल-फ्री नंबरवरून
एक मुलगी गोड आवाजात मला देते,
आणि मी तळहात पुढे करते.

सोमवारी कासोद्याचा म्हातारा आला, फेरफार नोंदीसाठी.
जिभेवर वाक्य तयार होतं.
काय झालं कोण जाणे, उठले, जिना चढले.
फाईल वर नव्हती.
माझ्याच कपाटाखाली होती,
पाय डुगडुगू नये म्हणून कुणीतरी सारलेली.
म्हाताऱ्याला हे सांगितलं नाही. धूळ पुसून
शिक्का मारला, आजच्या तारखेचा.

रात्री सुरतहून यांचा फोन.
गाडी उनी का व?
नही उनी.
आन् पोर?
ती बी नही उनी, म्हटलं,
आणि दोघंही थोडा वेळ
लूमच्या खडखडाटात उभे राहिलो.
कारण ती घरातच असते, जेवते, अभ्यास करते,
पण कॉलेजला जाताना बसमध्ये
ड्रायव्हरमागची सीट सोडून
अगदी शेवटी जाऊन बसते, पाठ दाराला लावून.
घसाऱ्याचा तक्ता आलाय कंपनीकडून :
रबर निम्मं, प्लॅस्टिक निम्मं, पत्रा वयाप्रमाणे.
मी तो दोनदा वाचला,
बोट लावून, खालपर्यंत.

आता ती विळीवर बसून गिलकी चिरतेय.
मध्येच म्हणाली, मिस्त्रीला सांग,
एक तरी वेलावरच राहू दे. जून होऊ दे.
बी धरू दे.
गाडीबद्दल काही बोलली नाही.
मीही विचारलं नाही.
कुटासाठी शेंगदाणे काढले,
तवा तापत ठेवला.