झाकण

बिश्केकच्या डॉक्टरीणबाईंनी चार झेरॉक्स कागद दिले
आणि सांगितलं, आठ महिन्यांनी या.
परतताना डोलोनच्या घाटात बेकतुर ओरडत राहिला,
मी कागदांना घडीवर घडी घालत राहिले
शेवटी ते मुठीत मावेपर्यंत.

तेव्हापासून शाळा आमच्या स्वयंपाकघरात.
घंटा नाही. मास्तरीण मी,
सकाळी नारीनच्या पोस्टात पाकिटांवर शिक्के मारणारी.

पहिल्या दिवशी त्याच्या हातातलं किटलीचं झाकण
हिसकावलं, आणि चित्रं मांडली:
सफरचंद, घोडा, चमचा.
चित्रं चुलीत गेली. सगळ्यात आधी घोडा.

कागदावर होतं, मूल करतं ते तुम्ही करा.
सासू म्हणाली, एक कमी होता का घरात?
तरी बसले नमद्यावर मांडी घालून,
मुरंब्याच्या बरणीचं झाकण घेतलं, फिरवलं.
माझं तीन गिरक्यांत आडवं.
त्याचं उभंच.
त्याने पाहिलं. मला नाही,
माझ्या पडलेल्या झाकणाला.
मग माझी करंगळी धरून बाजूला सारली,
वाटेतली पक्कड सारावी तशी,
आणि मला दाखवलं, कडेला कुठे धरायचं.

रोज सुकं जर्दाळू मुठीत धरून म्हणते, बेर.
आमच्या भाषेत, दे.
मग पाचपर्यंत मोजायचं, गप्प.
पाच फार लांब असतात.
पोस्टात तेवढ्यात पाच पत्रं वाटेला लागतात.
मी तीनवरच मूठ उघडायचे,
वहीत मात्र पाच लिहायचे.
(हे कुणाला सांगितलेलं नाही.)

रविवारी येकातेरिनबुर्गहून सागीनचा फोन.
बोलला का?
नाही.
मग दिवसभर करता काय तुम्ही दोघं?

उत्तर जिभेवर होतं, तिखट.
गिळलं. फोन जमिनीवर ठेवला, बेकतुरच्या झाकणाजवळ.
आधी नुसती सळसळ, मग डुगडुग,
मग पडायच्या आधी झाकण घाई करतं, फार घाई,
आणि एकदम काही नाही.

पलीकडेही काही नाही.
मला वाटलं, कट झाला.
मग दूर कुठेतरी, अर्धवट इमारतीच्या सिमेंटवर,
रंगाच्या डब्याचं असावं, जड,
एक झाकण फिरू लागलं.

बेकतुरने कान फोनला लावला.
संपेपर्यंत हलला नाही.
मग माझा हात घेतला. करंगळी नाही,
अख्खा तळवा,
आणि फोनवर ठेवून दाबला.

मी मोजू लागले.
एक. दोन.
सागीन विचारत होता, आता काय झालं?
तीन.
चार.
या खेपेला मूठ माझी नव्हतीच उघडायला.
पाच.

पुन्हा फिरव, मी म्हणाले.

रात्री वही उघडली.
हे कुठल्या रकान्यात बसवावं कळेना,
कागदात असा रकानाच नव्हता.
पान कोरं ठेवून
सोमवारी वही पोस्टात नेली
आणि त्यावर मारला
तारखेचा शिक्का.