उजेडात धरून

गायधनी काकांचा फोन आला तेव्हा
मी बिटकोला एका प्रिंटरच्या पोटात होतो.
"व्हायरस निघालेत," म्हणाले. "तीनशे बारा."
आकडा असा सांगितला, जणू मोजून,
गठ्ठा बांधून, वर चिठ्ठी लावून ठेवलीय.

जेल रोडला, दसककडे वळताना त्यांचं घर.
गच्चीवरून एकलहऱ्याच्या चिमण्या दिसतात.
वीज तिथे होते आणि इथली रोज चारला जाते,
याबद्दल काकांची तक्रार नाही.
तक्रार आहे ती पडद्यावरच्या ढालीबद्दल.

लाल ढाल, थरथरणारी.
खाली पट्टी सरकतेय: धोका, गंभीर धोका,
दोन हजार नऊशे नव्व्याण्णव भरा,
आत्ता.
मी नेटची वायर उपटली.
पट्टी सरकतच राहिली,
तेवढ्यात आणखी नऊ सापडले तिला.

"रात्रभर बसलेत," काकू आतून म्हणाल्या, "भिंग घेऊन."

भिंग होतं खरंच, की-बोर्डशेजारी,
पितळी कडेचं, निरोपाच्या दिवशी मिळालेलं.
चौतीस वर्षं प्रेसमध्ये नोटा तपासल्या काकांनी.
शाई फुटलेली, तार सरकलेली, आकडा तिरका,
बोटांखालून सुटत नसे काही.

"ढालीवर धरून पाहिलं," ते म्हणाले.
"लाल ठिपके, हिरवे, निळे.
मग सरकवून शरयूच्या फोटोवर धरलं.
तेच रे. लाल, हिरवे, निळे.
खोट्याला वेगळा कागदच नाही इथे."

मला उत्तर सुचलं नाही.
मशीन बंद करून चालू केलं, एफ-एट दाबत राहिलो,
दार वाजवावं तसा.
काळा पडदा आला, चारी कोपऱ्यांत सेफ मोड.
"यात फक्त गरजेचे तेवढेच उठतात, काका."
"म्हणजे संपाचा दिवस," ते म्हणाले.

सफाईचा प्रोग्राम खऱ्या नावाने
तो उघडूच देईना.
मी नाव बदललं, त्याच्याच घरातलं वाटेल असं ठेवलं.
काकांचा चेहरा उतरला.
"म्हणजे आपणही?"
"पाच मिनिटांपुरतं."
ते खिडकीशी जाऊन उभे राहिले.

फाईल सापडली. नाव असं, की उच्चारता येऊ नये.
जन्मवेळ मात्र स्पष्ट: रविवार, दुपारी तीन दहा.
काकांनी पाठमोऱ्यानेच सांगितलं,
"हिच्या गुडघ्यासाठी व्यायाम शोधत होतो.
त्याने विचारलं, साफ करू का?
मी हो म्हटलं."
आतल्या भांड्यांचा आवाज थांबला.
मग पुन्हा सुरू झाला, जरा हळू.

फाईल पुसली. तिची मुळं नोंदवहीतून काढली.
ढाल गेली, पण फोटोंचं कपाट रिकामं.
तिथे मात्र मीही घाबरलो.
मग एक ओळ टाइप केली, जुनी, साधी.
गेले नव्हते ते, नुसते झाकले होते.
एकेक करून वर आले:
बारसं, रामकुंडावर ओला फ्रॉक,
दोन दात पडलेली शरयू.
काकू ओल्या हातांनीच आल्या,
पडद्याला हात न लावता तिच्या गालाशी हात नेला.

"चूक माझीच," काका म्हणाले.
"खरी नोट कधी म्हणत नाही,
घे, घे, आत्ता घे."

तीनशे दिले. मी न बघता घडी घातली.
"बघून घे."
"काका, तुमच्याकडची आहे."
"म्हणून तर."

मग शंभराची एक खिडकीकडे धरली.
पाण्यातलं चित्र, तार, सगळं जागच्या जागी.
मागे चिमणीचा धूर.
एवढ्यात लाइट गेली, पंखा मंदावला,
मी हात खाली घेऊ लागलो.

"तशीच धर," काका म्हणाले.
"बाहेर बराच उजेड आहे."