पडलेदु

खिडकी नंबर तीन. केसपेपर मी लिहिते.
नाव, वय, पत्ता, सोबत कोण,
आणि तक्रारीला अर्धी ओळ.
अर्ध्या ओळीत मावेल तेवढंच
दुखतं माणसाला सोलापूरच्या सिव्हिलमध्ये.

पहिल्यांदा आली ती माघात.
मनगट टॉवेलात गुंडाळलेलं,
अक्कलकोट रोडच्या कारखान्यातला सेकंड माल,
कडेचा धागा सुटलेला.
सगळं नवराच सांगत होता. नाव जमुना कद्रका.
मी लिहिलं कद्रेकर.
असलं आडनाव असतं का, विचारायचाही कंटाळा होता.
"गिर गई," तो म्हणाला.
ती खाली बघत पुटपुटली, पडले...
मला वाटलं, चला,
ओडिशाची बाई चार महिन्यांत मराठी बोलायला लागली.
लिहिलं : पडली.

दुसऱ्यांदा चैत्रात. कानातून पाणी.
मी रजेवर; शेजारच्या बाईंनी तिला कदम केलं.
आधार कार्ड शेठकडे, ॲडव्हान्स फिटेपर्यंत.
रेशन कार्ड रायगड्याचं,
योजनेच्या टेबलावर ते उलटंपालटं करून परत दिलं.
आधीचा पेपर शोधला तर सापडेना.
सापडणार कसा? ती बाई वेगळी होती.
आमच्या कपाटात दोन जमुना,
एकेकदाच पडलेल्या.

तिसऱ्यांदा वैशाखात, पंखाही गरम.
नवरा बाहेर इंजेक्शन आणायला गेला
आणि तिनं तोंड खाली आणलं,
कागद सरकवायची फट असते तिथं.

माझी आई विड्या वळता वळता तेलुगूत रागवायची.
शाळेत जायला लागल्यावर मीच तिला म्हटलं,
रस्त्यात माझ्याशी तसं बोलू नको.
तेव्हापासून ती भाषा माझ्यात
ओल्या फडक्यातल्या पानासारखी पडून होती,
वळली नाही, वाळलीही नाही.

"पडलेदु," जमुना म्हणाली.
"नेनु पडलेदु."

पडले नाही.
मी पडले नाही.
तिच्या गावच्या बाजारात मीठ-मिरची तेलुगूत मिळते
आणि ते शेवटचं दु
तीन महिने जाळीच्या पलीकडंच राहिलं होतं.

"एवरु?" मी विचारलं. कोण?
तिनं नाव घेतलं नाही, दरवाजाकडं बघितलं.
मी पोलीस म्हटलं.
हा शब्द सगळ्या भाषांत सारखाच;
तिनं फटीतून हात घालून पेपर धरून ठेवला.
खोली कारखान्याची, काम त्याचं,
गावाला जायचे पैसे त्याच्या खिशात.
केस झाली तर रात्री झोपायचं कुठं,
हे केसपेपरात विचारत नाहीत.

तो सिरिंज घेऊन आला.
"शिक्का लागेल," मी म्हटलं. "सात नंबर."
सातवाले बाराला पाठवतात,
बारावाल्यांचा त्या वेळी डबा उघडलेला असतो.
बावीस वर्षांच्या नोकरीत
ही रांग पहिल्यांदा एका बाईच्या कामी आली.

पडद्यामागं नवीन डॉक्टरीण होती, लातूरची.
ती विचारायची, मी जुळवायची.
बरगडीला तेलुगूत काय म्हणतात?
विचारायला आई नाही.
हात लावून विचारलं. इथं? इथं?
सगळीकडं होकार.
डॉक्टरणीनं एक ओळ लिहिली, मग पान उलटून लिहीत राहिली.

मदतीचा नंबर तिनं घेतला नाही.
कागद घरी सापडतो, म्हणाली.
मग बोटं मोजून पाठ केलं, किटिकी मूडु, किटिकी मूडु.
खिडकी तीन.
तो शिक्का घेऊन आला. घामाघूम.
ती त्याच्या मागून गेली, नेहमीच्याच अंतरानं.

तिन्ही पेपर मी एकत्र टाचलेत, आडनाव दुरुस्त करून.
चौथा आला नाही अजून.
बरी आहे, असा त्याचा अर्थ होतो.
दुसराही होतो.

आता कुणी बाई "पडले" म्हणाली
की पेन उचललेलंच राहतं,
आणखी एखादं अक्षर येतंय का म्हणून.
मागून रांग ओरडते,
ओ मॅडम, झोपला का?